आठवड्यातून तीन दिवस आणि तरीही हेड: घर सांभाळून पार्ट टाइम सिनिअर पद कसं जमवायचं

मी चार वर्षं आठवड्यातले तीनच दिवस काम करून ऑपरेशन्स हेड होते. सुरुवात केली तेव्हा मुलगी तीन वर्षांची, मुलगा दुसरीत आणि वडिलांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं. पहिलं वर्ष फार वाईट गेलं, नंतरची तीन वर्षं खरंच छान गेली. मेहनत पहिल्या वर्षीच जास्त केली होती, त्यामुळे प्रश्न मेहनतीचा नव्हता. पहिल्या वर्षी मी फक्त दिवस कमी केले आणि काम होतं तेवढंच ठेवलं, दुसऱ्या वर्षी आधी काम कमी केलं. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी फोन करून विचारतं की मला पण असं करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. फक्त आयांसाठी नाहीये हे, बाबा लोकांनी वाचा, आईवडिलांचं आजारपण बघणाऱ्यांनी पण वाचा.

पायरी १: बॉसशी बोलायच्या आधी काम मोजा

दोन आठवडे एक साधी वही घ्या आणि दिवसातून तीनदा, म्हणजे दुपारी जेवायच्या आधी, संध्याकाळी निघताना आणि रात्री झोपताना, तेवढ्या वेळात काय काय केलं ते लिहा. घरून केलेले फोन, झोपायच्या आधी वाचलेले मेल, सगळं. कोणते निर्णय घेतले ते वेगळ्या रंगाने लिहा, कारण सिनिअर माणसाचं खरं काम तिथेच असतं.

मग तीन ढीग करा. पहिला ढीग म्हणजे जे खरंच तुमच्याशिवाय होणार नाही. दुसरा, जे दुसरं कोणी करू शकेल, कदाचित सुरुवातीला थोडं कमी चांगलं. आणि तिसरा, जे कोणीच नाही केलं तरी कुणाला कळणार नाही. तिसरा ढीग बघून धक्का बसतो. माझे आठवड्यातले जवळजवळ नऊ तास अशा मीटिंगमध्ये जात होते जिथे मी बोलत नव्हते, फक्त माहीत असावं म्हणून बसत होते, आणि तेच सगळं अर्ध्या पानाच्या नोटमध्ये मावलं असतं.

पहिल्या ढिगाशी प्रामाणिक राहा. आपल्याला वाटतं की निम्मं काम आपल्याशिवाय होणार नाही. वार्षिक बजेट, मोठ्या पदावरच्या नेमणुका, बोर्डापुढे जायचं ते, आपल्या टीममधल्या मॅनेजरांचं अप्रेझल आणि दोन-तीन नाजूक नाती, एवढंच माझ्या पहिल्या ढिगात शेवटी उरलं. हे सगळं तीन दिवसात होतं, आरामात होतं.

पायरी २: किती दिवस आणि कोणते

इथे माझं मत ठाम आहे. सिनिअर पदावर ८० टक्के, म्हणजे चार दिवस, हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. चार दिवस म्हटलं की समोरच्याला वाटतं जवळजवळ फुल टाइमच आहे ना, मग कामाला कोणी हात लावत नाही, पाचव्या दिवसाचं काम चार दिवसांच्या रात्रींमध्ये जातं आणि पगार मात्र २० टक्के कमी येतो. ज्यांनी काम खरंच काढून टाकलंय त्यांना चार दिवस छान जमतात, पण सुरुवात तिथून करणाऱ्यांनी जपून.

तीन दिवसांचं बरं असतं, कारण हे पाच दिवसांचं काम नाही हे सगळ्यांनाच दिसतं, त्यामुळे कामाची नव्याने मांडणी करावीच लागते. रोज थोडे कमी तास, म्हणजे पाचही दिवस पण तीनला निघायचं, हे शाळेतून मुलांना आणायचं असेल तर सोयीचं वाटतं, पण तीन वाजता निघणाऱ्याला साडेतीनला फोन येतोच, रोज येतो, म्हणून ही पद्धत फक्त त्यांनी घ्यावी ज्यांच्या कामात दुपारनंतर खरंच शांतता असते.

आणि जॉब शेअर, म्हणजे एकच पद दोघांनी मिळून सांभाळायचं. याचा विचार लोक फार कमी करतात. दोघांनी तीन-तीन दिवस केले तर एक दिवस दोघं एकत्र असतात, हँडओव्हर त्या दिवशी होतो, आणि कंपनीला एका पदासाठी सहा दिवसांचा पगार द्यावा लागतो, म्हणजे २० टक्के जास्त. हा जास्तीचा खर्च कशासाठी हे सांगता आलं पाहिजे: पद कधी रिकामं राहत नाही, एक रजेवर गेला तरी दुसरा असतो, आणि अवघड निर्णयावर दोन डोकी चालतात. पण जोडीदार निवडताना स्वभाव सारखे नसले तरी चालेल, कामाबद्दलची मूल्यं सारखी पाहिजेत, आणि एकाने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळायचाच हा नियम पहिल्या दिवशी ठरला पाहिजे.

दिवस निवडताना घरातली न हलणारी गोष्ट आधी धरा. डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी चारेक तास असतं. बाबांचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार होते, भाऊ बुधवार घ्यायला तयार झाला, म्हणून मी मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडले. सलग दिवसांचा फायदा असा की विचारांची लय तुटत नाही, तोटा असा की गुरुवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ मोठी पोकळी पडते. ती पोकळी तुमच्या कामात चालणारी आहे का ते बघा, नसेल तर सोमवार, बुधवार, गुरुवार असं काहीतरी करा.

पायरी ३: मागणी कशी मांडायची

एक पान. त्यात घरच्या अडचणीला दोन ओळींपेक्षा जास्त जागा नको. मला मुलांना वेळ द्यायचाय हे खरंय आणि ते लपवायची गरज नाही, पण बॉसला रात्री झोप न लागण्याचं कारण वेगळं असतं, त्याला हे हवं असतं की मंगळवारी जे व्हायचं ते होईल ना. म्हणून पानावर चार गोष्टी: मी काय काय ठेवणार, काय कोणाकडे जाणार, काय बंद होणार, आणि मी नसताना कोण निर्णय घेणार. सोबत वहीतले आकडे जोडा. नुसती विनंती केली तर दया येते किंवा येत नाही, आराखडा ठेवला तर त्यावर चर्चा होते.

तुम्ही कुठल्या देशात आहात त्यावर हक्क ठरतात, ते आधी वाचून घ्या. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ बदलून मागता येते, १२ महिन्यांत दोनदा मागता येते आणि कंपनीला दोन महिन्यांच्या आत उत्तर द्यावं लागतं. नेदरलँड्समध्ये तास कमी करून मागायचा कायदा २००० सालापासून आहे. जर्मनीत २०१९ पासून ४५ पेक्षा जास्त लोक असलेल्या कंपनीत एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून परत पूर्वीच्या तासांवर यायची सोय आहे, आणि ही परत यायची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण पार्ट टाइममध्ये शिरणं तसं सोपं असतं, बाहेर पडताना दार सापडत नाही. तुमच्याकडे असा कायदा नसेल तर हेच तुमच्या पत्रात लिहून घ्या.

लेखी काय काय घ्यायचं ते नीट सांगते, कारण मी इथे चुकले आणि पैशात भोगलं. पगार किती टक्के. बोनसचं टार्गेट पण त्याच टक्क्यांनी कमी झालंय का (माझं झालं नव्हतं, ६० टक्के वेळेत १०० टक्के टार्गेट, वर्षअखेरीला कळलं). रजा किती दिवसांची. सार्वजनिक सुट्टी तुमच्या बिनकामाच्या दिवशी आली तर तिचं काय, हे क्षुल्लक वाटतं पण सुट्ट्या बऱ्याचदा सोमवारी येत असतील आणि तुम्ही सोमवारी कामावर नसाल तर वर्षाचे कितीतरी दिवस जातात. निवृत्तीसाठी कापले जाणारे पैसे कशावर मोजणार. प्रमोशनसाठी तुमचा विचार होणार की नाही. आणि पाच दिवसांवर परत यायचं असेल तर किती आधी सांगायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या, १९९४ च्या पार्ट टाइम कामावरच्या करारातलं तत्त्व हेच आहे की पगार तासांच्या प्रमाणात मिळावा, रजेसारख्या सवलती फुल टाइमवाल्यांच्या तोडीच्या असाव्यात, संरक्षण त्यांच्याइतकंच असावं, फक्त पार्ट टाइम म्हणून कोणाला कमी लेखू नये. एवढं बोलायला संकोच करू नका.

ट्रायल मागा, पण तीन महिन्यांची नको, सहा महिन्यांची मागा. पहिले तीन महिने सगळ्यांची जुनी सवय मोडण्यातच जातात, त्यावरून निकाल लावला तर तो तुमच्या विरुद्धच लागतो.

पायरी ४: नंबर दोनला खरा अधिकार द्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकी काही नाही वाचलंत तरी हे वाचा.

पहिल्या वर्षी माझ्या नंबर दोनने एका शुक्रवारी एक सप्लायर बदलला. चुकीचा निर्णय नव्हता, फक्त मी घेतला नसता. मंगळवारी आल्या आल्या मी तो फिरवला, चांगल्या शब्दात, कारणं देऊन. त्यानंतर जवळजवळ दीड महिना माझ्या टीमने सोमवारी आणि शुक्रवारी एकही निर्णय घेतला नाही. सगळं माझ्यासाठी रांगेत थांबलेलं असायचं, मंगळवार सकाळ म्हणजे दवाखान्याबाहेरच्या रांगेसारखी, आणि मी घरी बसून मेल बघायला लागले कारण मंगळवारची भीती वाटायची. एक निर्णय फिरवण्याची किंमत एवढी मोठी होती.

मग आम्ही दोघांनी बसून एक तक्ता केला, तीन रकाने. पहिल्यात, तो एकटा ठरवणार आणि मला सांगायचीही गरज नाही. दुसऱ्यात, तो ठरवणार आणि मला दोन ओळी लिहून ठेवणार. तिसऱ्यात, माझी वाट बघायची. प्रत्येक रकान्यात खरी उदाहरणं आणि रकमेची मर्यादा लिहिली. तिसरा रकाना मुद्दाम छोटा ठेवला. आणि एक नियम माझ्यासाठी: पहिल्या दोन रकान्यातला निर्णय मी फिरवणार नाही, पटला नाही तर पुढच्या वेळेसाठी बोलू. फक्त कायद्याचा किंवा कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच अपवाद. त्या माणसाचं पद आणि पगार पण वाढवून घ्या, तुमच्या पगारातून जे ४० टक्के वाचले त्यातून हे होऊ शकतं आणि ते तुम्हीच बॉसला सुचवायचं. कोणाकडून वरचं काम फुकट करून घेऊन आपण घरी वेळेवर जायचं, हे मला पटत नाही.

याच्याशी जोडून एक गोष्ट. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, त्यांच्या अभ्यासात हावऱ्या कामांची कल्पना आहे, म्हणजे अशी कामं जिथे दुप्पट तास दिले की दुपटीपेक्षा जास्त पैसे मिळतात, कारण कधीही हाक मारली तरी हजर असणाऱ्या माणसाची किंमत असते. याच्या उलट उदाहरण त्यांनी आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दिलं ते अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं. औषधांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या, औषधं तयार पाकिटात यायला लागली, त्यामुळे एका फार्मासिस्टचं काम दुसरा सहज पुढे चालवू शकतो, आणि म्हणून तिथे कमी तास काम करणाऱ्याचा तासाचा दर फारसा पडत नाही. मला यातून एवढं घ्यावंसं वाटतं की आपल्या डोक्यात जे आहे ते कागदावर आलं पाहिजे. गिऱ्हाइकाशी काय बोलणं झालं, एखादा निर्णय का घेतला, कुठे काय अडकलंय, हे सगळं एका ठिकाणी लिहिलेलं असेल तर तुमच्या जागी दुसरा उभा राहू शकतो. गुरुवारी निघायच्या आधीचा पाऊण तास मी फक्त यासाठी ठेवायचे, त्या वेळेत कोणाला मीटिंग टाकू द्यायचे नाही.

पायरी ५: अर्जंट म्हणजे काय ते आधी ठरवा

यादी छोटी. कोणाला इजा झाली, कायदेशीर नोटीस आली, मोठं गिऱ्हाईक सोडून चाललंय, काम पूर्ण बंद पडलंय, बातमी बाहेर गेली. बाकी सगळं थांबू शकतं. आणि अर्जंट असेल तर फोन करायचा, मेसेज नाही, ग्रुपवर नाही. मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करताना माणूस क्षणभर विचार करतो की खरंच करू का. हा नियम लावल्यावर माझे बिनकामाच्या दिवसांतले फोन महिन्याला एखाद्यावर आले. ऑफिसचे ग्रुप त्या दिवसांत म्यूट ठेवा, जमलं तर कामाचा फोनच वेगळा ठेवा आणि कपाटात टाका.

कधीकधी दिवस बदलावा लागतोच, बोर्डाची मीटिंग सोमवारी असेल तर जावंच लागतं. जा, पण बदललेला दिवस त्याच महिन्यात परत घ्या आणि कॅलेंडरवर लगेच टाका. परत न घेतलेले दिवस वहीत लिहीत जा. तुम्ही लवचिक आहात हे लोकांना कळायला हवं, पण लवचिकता एकाच बाजूने ताणली की तुटते.

मेलच्या खाली सहीसोबत कामाचे दिवस लिहा. माफी मागितल्यासारखं नको, नुसतं "माझे कामाचे दिवस मंगळवार, बुधवार, गुरुवार". आणि सिनिअर माणसाने रात्री मेल पाठवला की खालच्यांना वाटतं उत्तर द्यायलाच पाहिजे, म्हणून शुक्रवारी काही सुचलं तर लिहून ठेवा आणि मंगळवारी जाईल असं शेड्यूल करा.

पायरी ६: घरी पण बोलणी करा

ऑफिसशी बोलणी सगळे करतात, घरी कोणी करत नाही. मग काय होतं, तू आता घरीच असतेस ना, असं म्हणत म्हणत बँक, दुरुस्तीवाला, शाळेची मीटिंग, सगळ्यांचे दवाखाने, पाहुणे, सगळं त्या दोन दिवसांत येऊन पडतं. ज्या मुलांसाठी पगार सोडला त्यांच्याशी निवांत बसायला वेळच नाही. म्हणून नवरा-बायकोने आधी बसून हे ठरवा की ते दिवस कशासाठी आहेत. आमच्याकडे सोमवार आणि शुक्रवारची सकाळ बाबांची आणि दुपार मुलांची, बाकी कामं पूर्वी जशी वाटलेली होती तशीच राहतील असं ठरलं, आणि ते फ्रिजवर लावलं. नवऱ्याला सुरुवातीला हे जरा कोरडं वाटलं, पण दोन महिन्यांत त्यालाच पटलं कारण भांडणं कमी झाली.

कामाच्या दिवशी मूल आजारी पडलं तर कोण थांबणार, हे मूल बरं असतानाच ठरवा. जो पार्ट टाइम आहे तोच थांबणार असं आपोआप धरलं जातं. पण ज्याच्याकडे तीनच दिवस आहेत त्याचा एक दिवस गेला की आठवड्याचा तिसरा हिस्सा गेला, पाच दिवसवाल्याचा पाचवा हिस्सा जातो. हे गणित कागदावर दाखवा, पटतं.

पाळणाघर किंवा सांभाळणारी व्यक्ती कामाच्या दिवसांपुरतीच ठेवू नका, जमत असेल तर आणखी अर्धा दिवस ठेवा. तो अर्धा दिवस म्हणजे बदललेल्या बोर्ड मीटिंगसाठी, किंवा कधी तुम्हाला नुसतं झोपायचं असेल त्यासाठी. छोट्या मुलांना आज आई कामावर की घरी हे कळत नाही आणि त्यांना त्याचा त्रास होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी रोज सकाळी एक स्टिकर लावायची, कामाचा दिवस निळा, घरचा पिवळा, आणि पिवळ्या दिवशी मी फोन हातात घेतला की मला बोट दाखवून सांगायची.

पैशांचं थोडक्यात

पगार ६० टक्के झाला की हातात येणारे पैसे बऱ्याचदा ६० टक्क्यांपेक्षा थोडे जास्त राहतात, कारण जिथे वरच्या पगाराला कराचा दर जास्त असतो तिथे कापला जातो तो वरचा भाग. पण निवृत्तीची रक्कम दरवर्षी कमी साठते आणि वीस वर्षांनी तो फरक मोठा दिसतो, म्हणून ते नुकसान दोघांनी मिळून भरा, कमी काम करणाऱ्याच्या नावावर वेगळे पैसे टाका. आणि सुरू करायच्या आधी तीन महिने नव्या पगारावर जगून बघा, वरचे पैसे बाजूला काढून ठेवा. जमलं तर कळतं, नाही जमलं तरी कळतं, आणि बाजूला साठलेले पैसे हाताशी राहतात.

कधी करू नका

नव्या कंपनीत शिरल्या शिरल्या पहिले काही महिने, माणसं ओळखीची व्हायच्या आत, मी तरी करणार नाही. कंपनी विकली जात असताना नाही. आणि तुमच्याकडे नंबर दोन नसेल तर आधी तो तयार करा, वर्षभर लागलं तरी चालेल, पण त्याच्याशिवाय उडी मारू नका.

सहा महिन्यांनी रिव्ह्यू येईल तेव्हा परत तीच वही काढा आणि रिव्ह्यूच्या आधीचे दोन आठवडे लिहा. बिनकामाच्या दिवसांत किती तास काम झालं ते मोजा. आठवड्याला एक-दोन तास असतील तर ठीक, सिनिअर पदावर एवढं होणारच. पाच-सहा तास निघाले तर तक्त्यात काहीतरी चुकलंय, तिसऱ्या रकान्यातून काहीतरी पहिल्यात सरकवावं लागेल. आणि दहाच्या वर गेले तर तुम्ही चार दिवसांचं काम तीन दिवसांच्या पगारात करताय, तो आकडा घेऊन बॉससमोर बसा आणि दोन पर्याय ठेवा, एक तर काम कमी करा, नाहीतर चार दिवसांचा पगार द्या. मी दुसऱ्या वर्षी हेच केलं, अकरा तास निघाले होते. त्यांनी काम कमी केलं, दोन टीम दुसऱ्या हेडकडे गेल्या. चार वर्षांनी मुलगी दुसरीत गेली तेव्हा मी स्वतः चार दिवस मागितले, तोवर तक्ता इतका मुरला होता की चौथा दिवस खरंच चौथाच दिवस राहिला, शुक्रवार अजूनही माझा आणि बाबांचा आहे.